डेट्रॉइट लायन्स २०२१ : नवा कोच डॅन कॅम्पबेल (सीझनभराचा धागा)

नोव्हीकर | ११ सप्टेंबर २०२१

अमेरिकन फुटबॉलमधल्या आपल्या लायन्सची उद्या दुपारी एकला घरच्या फोर्ड फील्डवर पहिली मॅच, फोर्टी नाइनर्सबरोबर. दर आठवड्याला वेगळा धागा काढण्यापेक्षा सीझनभर इथेच लिहूया.

मी चौदा वर्षं डेट्रॉइटजवळ नोव्हीत आहे, काम गाड्यांचंच, इकडे आलेल्या आपल्यातल्या बऱ्याच जणांचं असतं तसं. आलो तेव्हा हा खेळ मला ओ की ठो कळत नव्हता, पण सोमवारी सकाळी सगळा मजला गप्प दिसला की समजायचं काल लायन्स हरले, आणि असे सोमवार इतके आले की कधीतरी मीही त्यांच्यात बसून गप्प राहायला लागलो. २००८ मध्ये सोळापैकी सोळा हरले ते मी इथे राहून बघितलंय.

नवीन लोकांसाठी थोडं मागचं. प्लेऑफमधला (सीझननंतरच्या बाद फेरीतला) शेवटचा विजय जानेवारी १९९२ चा. बॅरी सँडर्स, कॅल्विन जॉन्सन असले खेळाडू मिळूनही काही झालं नाही, दोघंही अंगात खेळ शिल्लक असताना सोडून गेले. मागचा कोच मॅट पॅट्रिशिया गेल्या थँक्सगिव्हिंगनंतर घरी गेला. जानेवारीत डॅन कॅम्पबेल आला आणि लॉस एंजेलिसच्या रॅम्स टीममधून ब्रॅड होम्स जनरल मॅनेजर म्हणून आला. त्यांनी आल्या आल्या बारा वर्षं टीम खांद्यावर घेतलेल्या क्वार्टरबॅक (पास टाकणारा मुख्य खेळाडू) मॅथ्यू स्टॅफर्डला रॅम्सला दिलं आणि बदल्यात त्यांचा क्वार्टरबॅक जॅरेड गॉफ, दोन वर्षांचे पहिल्या फेरीचे ड्राफ्ट पिक (कॉलेजमधून नवे खेळाडू निवडायच्या पाळ्या, तळाच्या टीमची आधी) आणि एक तिसऱ्या फेरीचा पिक घेतला. म्हणजे लगेच काही मिळणार नाही हे त्यांनी स्वतःच मान्य केलंय.

कॅम्पबेलची पहिली पत्रकार परिषद सगळ्यांनी बघितलीच असेल, आम्हाला पाडलंत तर उठता उठता तुमच्या गुडघ्याची वाटी चावून काढू असं म्हणाला तो. देशभर हसले लोक. मला नाही हसू आलं. हा माणूस इथे टाइट एंड म्हणून खेळलाय, २००८ च्या त्या टीममध्येही होता, दुखापतीमुळे जवळजवळ सगळा सीझन बाहेर होता ती गोष्ट वेगळी. या शहराने काय सोसलंय ते त्याला दुसऱ्याने सांगायला नको.

गोदाकाठ | ११ सप्टेंबर २०२१

धागा चांगला काढलात. पण मी इथे तुमच्याही आधीपासून आहे आणि भाषणांवर माझा विश्वास उरलेला नाही. जिम कॉल्डवेल फारसं बोलायचा नाही, चार वर्षांत ३६ जिंकला २८ हरला, त्याला काढलं. मग आला पॅट्रिशिया, त्याने काय केलं ते आपण बघितलं. कॅम्पबेलकडे हेड कोचचा अनुभव म्हणजे २०१५ मध्ये डॉल्फिन्सकडे बारा मॅचपुरता बदली म्हणून, त्यात ५ जिंकला ७ हरला. त्याला सहा वर्षांचा करार! मी बघणार सगळं, पण आधी मैदानावर दिसू दे.

मृण्मयी०७ | १२ सप्टेंबर २०२१

कुणी बघितली का शेवटची दोन मिनिटं??? ४१-१७ ने मागे होतो आपण, मी टीव्ही बंद करून भाजी चिरायला घेतली होती, तर लेक ओरडत आला आई ये आई ये, बघते तर टचडाउन (बॉल शेवटच्या रेषेपलीकडे, सहा पॉइंट), वर जास्तीचे दोन पॉइंट, ऑनसाइड किक आपल्याच हातात, परत टचडाउन, परत दोन पॉइंट, ४१-३३, आणि वर त्यांच्या डीबो सॅम्युएलच्या हातून बॉल निसटला तोही आपल्याला! शेवटी त्यांच्या चोवीस यार्डांवर अडकलो. हरलो पण लेक सातवीत आहे तो आत्ता अंगणात बॉल घेऊन पळतोय.

गोदाकाठ | १२ सप्टेंबर २०२१

बघितली. पहिल्या हाफला ३१ खाल्ले तेही बघितले. आणि आपल्या ओकुडाची टाचेची शीर तुटली, सीझन संपला त्याचा. मागच्या वर्षी ड्राफ्टमध्ये तिसऱ्या नंबरवर घेतलेला पोरगा.

पुणेरी_बाणा | १३ सप्टेंबर २०२१

मी पुण्यातून वाचतोय, भाऊ ट्रॉयला असतो म्हणून या टीमबद्दल उत्सुकता. आमच्याकडे मॅच रात्री साडेदहाला सुरू होते, मी जागून बघितली पण नियम अर्धेच कळतात. ऑनसाइड किक म्हणजे काय आणि लोक चौथ्या डाउनला एवढे का टेन्शनमध्ये येतात?

गोदाकाठ | १३ सप्टेंबर २०२१

सोप्पं आहे. बॉल तुमच्याकडे असला की चार प्रयत्न, त्यात दहा यार्ड पुढे गेलात की पुन्हा नवे चार. तीन प्रयत्नांत नाही जमलं तर चौथ्याला बहुतेक टीम बॉल लाथेने लांब मारून देतात, त्याला पंट म्हणायचं, म्हणजे समोरच्याला लांबून सुरुवात करावी लागते, किंवा गोल जवळ असेल तर फील्ड गोल मारून तीन पॉइंट घेतात. चौथ्याला खेळून फसलात तर बॉल जागच्या जागी समोरच्याचा. म्हणून टेन्शन. ऑनसाइड किक म्हणजे पॉइंट केल्यावर बॉल समोरच्याला लांब मारून द्यायचा असतो तो मुद्दाम जवळच मारायचा आणि दहा यार्ड गेला की आपणच झडप घालायची, क्वचित साधतं.

नोव्हीकर | २६ सप्टेंबर २०२१

मी फोर्ड फील्डवर होतो. आत्ता पार्किंगमध्ये गाडीत बसून लिहितोय, हात थरथरताहेत.

रेव्हन्सविरुद्ध १७-१६ ने पुढे होतो. मिनिटभर उरलेलं. त्यांचा चौथा डाउन आणि १९ यार्ड हवे होते, म्हणजे मॅच संपल्यात जमा, माझ्या पुढच्या रांगेतले आजोबा उभे राहून टाळ्या वाजवायला लागले होते, आणि त्यांच्या लमार जॅक्सनने ३६ यार्डांचा पास काढला. मग ६६ यार्डांवरून फील्ड गोल मारायला त्यांचा जस्टिन टकर. ६६! आजवर कुणीही एवढ्या लांबून मारलेला नाही. बॉल आडव्या दांड्यावर आपटला, वर उडाला, आणि पलीकडे पडला. स्टेडियममध्ये एवढे लोक आणि तो दांड्याचा आवाज ऐकू आला. त्याच्या आधीच्या प्लेला घड्याळ शून्यावर गेलेलं स्पष्ट दिसत होतं, पेनल्टी द्यायला हवी होती, दिली नाही.

१९-१७.

गोदाकाठ | २६ सप्टेंबर २०२१

यावर काय बोलणार. एक गोष्ट मात्र सांगतो, ८ नोव्हेंबर १९७० ला सेंट्सच्या टॉम डेम्प्सीने ६३ यार्डांवरून मारला होता, शेवटच्याच क्षणी, पुढे कित्येक वर्षं तो रेकॉर्ड होता, तोही लायन्सविरुद्धच आणि तेव्हाही स्कोअर १९-१७ च होता. इथले म्हातारे लोक अजून ती मॅच सांगतात. आता आपल्याकडे आपली स्वतःची झाली.

तांबडा_रस्सा | ३ ऑक्टोबर २०२१

शिकागोहून नमस्कार मंडळी. मी बेअर्सवाला, मूळचा कोल्हापूरचा. आज आम्ही २४-१४ जिंकलो पण खरं सांगू, तुमची टीम तीनदा आमच्या गोलच्या तोंडाशी आली आणि रिकाम्या हाताने गेली, नाहीतर निकाल वेगळा होता. तुमचा सेंटर फ्रँक रॅगनो लंगडत गेला तेव्हा वाईट वाटलं, चांगला खेळाडू आहे. लिहीत राहा, तुमचा धागा मी वाचतो.

मृण्मयी०७ | १० ऑक्टोबर २०२१

परत १९-१७. परत शेवटच्या सेकंदाला. व्हायकिंग्जच्या ग्रेग जोसेफने ५४ यार्डांवरून मारला.

३७ सेकंद उरलेले असताना आपल्या स्विफ्टने टचडाउन केला तेव्हा एक पॉइंट घेऊन बरोबरी करता आली असती पण कॅम्पबेल दोनसाठी गेला, मिळालेही, १७-१६ झाले, आणि ३७ सेकंद पण जास्त झाले बघा. नंतर तो पत्रकारांसमोर बोलता बोलता रडला. एवढा सहा फूट पाच इंचांचा माणूस, आवाजच फुटेना. म्हणाला पोरं एवढं सगळं देतात आणि हाताशी येऊन जातं ते बघवत नाही, अशा अर्थाचं. माझा लेक म्हणतो आई मोठे लोक पण रडतात का हरल्यावर. मी म्हटलं मनापासून खेळले असतील तर रडतात.

गोदाकाठ | ११ ऑक्टोबर २०२१

मृण्मयीताई, तुमच्या भावना पोचल्या. तरी पण ० आणि ५. रडण्याने मला काही वाटलं नाही असं नाही. पण कोचने रडण्याआधी बघावं की आपण रेड झोनमध्ये (गोलच्या आधीच्या वीस यार्डांत) जाऊन पॉइंट का नाही करत. रिसीव्हर (पास पकडणारा) कुणी धड नाही हा होम्सचा दोष, पण आक्रमणाचा कोच अँथनी लिनची प्लेची निवड फार बेताची आहे, दोन यार्ड दोन यार्ड आणि मग पंट.

नोव्हीकर | २४ ऑक्टोबर २०२१

आज लॉस एंजेलिसला स्टॅफर्ड समोर होता. मला वाटलेलं चिरडून टाकतील. पहिल्याच ड्राइव्हमध्ये स्विफ्टचा ६३ यार्डांचा टचडाउन, लगेच ऑनसाइड किक, मिळाली, मग पंटसाठी उभं राहून पंट न मारता बॉल पळवला, एकदा नाही दोनदा, दोन्ही वेळा साधलं. शेवटी २८-१९ हरलो, स्टॅफर्ड शेवटी स्टॅफर्डच आहे, त्याचं वाईटही वाटत नाही मला, चांगलं होवो त्याचं. पण आपल्याकडे माणसं कमी आहेत हे ओळखून कोच काय काय शोधून आणतोय ते बघा की. माणसं कमी म्हणून गुपचूप मार खाणारे कोच मी पुष्कळ बघितलेत.

गोदाकाठ | ३१ ऑक्टोबर २०२१

ईगल्स ४४, आपण ६. स्वतःच्या घरी. आता बोला.

नोव्हीकर | १ नोव्हेंबर २०२१

बोलण्यासारखं काही नाही. पहिल्यांदाच असं झालं की टीम सोडून दिल्यासारखी खेळली. काल मलाही वाटलं संपलं.

पुणेरी_बाणा | १५ नोव्हेंबर २०२१

बरोबरी पण होते का या खेळात?? आता इकडे साडेअकराला सुरू होतात, मी पहाटेपर्यंत बसलो आणि १६-१६! ओव्हरटाइममध्ये दोघंही जिंकायला तयार नाहीत असं वाटत होतं.

गोदाकाठ | १५ नोव्हेंबर २०२१

होते, फार कमी वेळा. पिट्सबर्गला पाऊस, त्यांचा क्वार्टरबॅक रॉथलिसबर्गर कोविडमुळे नाही, आपल्या सँटोसोची ४८ यार्डांची किक अर्ध्यातच पडली. मी मात्र एक नोंदवतो. सुट्टीच्या आठवड्यात कॅम्पबेलने लिनकडून प्ले ठरवायचं काम स्वतःकडे घेतलंय आणि काल २०० च्या वर यार्ड नुसते धावून काढले स्टीलर्सच्या घरी. ४४-६ नंतर पुढच्याच मॅचला हे. पॅट्रिशियाची टीम एकदा पडली की पडूनच राहायची. हा फरक मला दिसला, म्हणून लिहिला.

तांबडा_रस्सा | २५ नोव्हेंबर २०२१

थँक्सगिव्हिंगच्या शुभेच्छा सगळ्यांना. १९३४ पासून तुमच्याकडे या दिवशी मॅच असते, मी या वर्षी मुद्दाम गाडी काढून डेट्रॉइटला आलो. १६-१४ आम्ही, शेवटच्या सेकंदाला फील्ड गोलवर. पण जिंकून मन नाही भरलं. शेवटची साडेआठ मिनिटं बॉल आमच्याकडेच होता आणि तुमच्या कोचने एकामागोमाग एक दोन टाइमआउट मागितले ती चूक होती, दोन प्लेच्या मधे एकाच टीमला दोनदा मागता येत नाही, पाच यार्ड फुकट गेले. कोच नवा आहे हे तेव्हा दिसलं.

नोव्हीकर | २५ नोव्हेंबर २०२१

हो, चूक त्याचीच. त्याने नंतर ती स्वतःवर घेतली, पोरांवर नाही ढकलली.

मृण्मयी०७ | ३ डिसेंबर २०२१

मॅचबद्दल नाही, पण इथल्या लोकांशी बोलावंसं वाटलं. मंगळवारी इथल्या ऑक्सफर्ड गावच्या शाळेत गोळीबार झाला ते सगळ्यांना माहीत आहे. चार मुलं गेली. आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर. तेव्हापासून इकडे कितीतरी शाळा बंद ठेवल्यात, लेक घरी आहे आणि मी दर दहा मिनिटांनी त्याच्या खोलीत डोकावतेय. काही वाचवत नाही, काही करवत नाही.

गोदाकाठ | ३ डिसेंबर २०२१

ताई, माझी मुलगी त्याच ओकलंड काउंटीत शिकवते. त्या दिवशी तिचा फोन लागेपर्यंतचा वेळ मी आयुष्यात विसरणार नाही. काही लागलं तर निरोप टाका, आम्ही जवळच आहोत.

नोव्हीकर | ५ डिसेंबर २०२१

जिंकलो.

३६४ दिवसांनी. मागचा विजय गेल्या वर्षी ६ डिसेंबरचा.

जरा शांत होऊन लिहितो. हेल्मेटवर ऑक्सफर्डचं चिन्ह होतं, मॅचआधी सगळं स्टेडियम स्तब्ध उभं होतं. हाफला आपण २०-६ पुढे. मग व्हायकिंग्ज एकेक करत जवळ आले, आणि चार मिनिटं राहिलेली असताना आपल्याच २८ यार्डांवर चौथा डाउन, एक यार्ड हवा, तिथे कॅम्पबेल पंट न मारता खेळायला गेला, गॉफला पाडलं, बॉल त्यांच्याकडे, त्यांनी टचडाउन करून २७-२३ केले. माझ्या बाजूचा माणूस उठून गेला. मी बसलो होतो. १ मिनिट ५० सेकंद, टाइमआउट एकही नाही, ७५ यार्ड. गॉफ छोटे छोटे पास टाकत आला, आला, आणि चार सेकंद उरले, चौथा डाउन, अकरा यार्डांवरून अमोन-रा सेंट ब्राउनला. त्याचा पहिलाच टचडाउन आहे हा. घड्याळ शून्य. २९-२७.

कितीतरी वेळ कुणी जागचं हललं नाही. मग सगळे एकमेकांना मिठ्या मारायला लागले, मी कुणाकुणाला मारली मला माहीत नाही.

मृण्मयी०७ | ५ डिसेंबर २०२१

कॅम्पबेलने मॅचनंतर सगळ्यात आधी त्या मुलांची नावं घेतली. एकेक करून. जखमी झालेल्यांचीसुद्धा. मॅचचा बॉल सगळ्या ऑक्सफर्डला दिला. आम्ही दोघं टीव्हीसमोर उभे होतो, लेकाने माझा हात धरला होता, तो आता हात धरत नाही एरवी.

गोदाकाठ | ६ डिसेंबर २०२१

एका मॅचने काही भरून येत नाही. पण काल त्या माणसाला काय आधी बोलायचं ते कळलं. मी सप्टेंबरमध्ये त्याच्या बोलण्याबद्दल जे लिहिलं होतं ते मागे घेतो. चौथ्या डाउनचा निर्णय मात्र मला आजही पटलेला नाही.

पुणेरी_बाणा | २० डिसेंबर २०२१

कार्डिनल्स १० जिंकून ३ हरलेले, आणि आपण (मी आता आपणच म्हणतो) ३०-१२! क्रेग रेनॉल्ड्स हा कोण? भाऊ म्हणाला याला ड्राफ्टमध्ये कुणी घेतलाच नव्हता, शंभराच्या वर यार्ड धावला तो काल.

गोदाकाठ | २ जानेवारी २०२२

सिअॅटलला ५१-२९ हरलो, ते जाऊ दे. मुद्द्याचं बोलतो, लोकांना आवडणार नाही. पुढच्या रविवारी पॅकर्सविरुद्ध शेवटची मॅच. ती हरलो आणि तिकडे जॅग्वार्स जिंकले तर ड्राफ्टमध्ये पहिला नंबर आपला. आणि या वर्षी एडन हचिन्सन आहे, मिशिगन विद्यापीठाचा, नोव्हेंबरात ओहायो स्टेटला तीनदा क्वार्टरबॅक पाडून दहा वर्षांचं उट्टं काढलं त्याने. प्लिमथचा पोरगा, इथला. मला तो या टीममध्ये बघायचाय. एक निरर्थक विजय की पुढची दहा वर्षं?

नोव्हीकर | ३ जानेवारी २०२२

गोदाकाठ, तुमची कळकळ कळते. पण सोमवारी लॉकर रूममध्ये जाऊन पोरांना सांगणार कोण की या रविवारी जरा कमी खेळा? सोळा आठवडे ज्या एका गोष्टीसाठी त्याने जिवाचं रान केलं तीच मोडायची? यातल्या कितीतरी पोरांचे करार वर्षाचे आहेत, त्यांच्यासाठी निरर्थक काही नाही. सेंट ब्राउनचंच बघा, चौथ्या फेरीत ११२ वा घेतलेला, आता दर मॅचला आठ-आठ कॅच घेतोय, त्याला सांगाल थांब म्हणून?

तांबडा_रस्सा | ३ जानेवारी २०२२

मला नोव्हीकरांचं पटतं. आखाड्यात उतरल्यावर पाठ टेकवून घ्यायची नसते. एकदा टेकवली की पुढच्या वेळी आपोआप टेकते.

मृण्मयी०७ | ९ जानेवारी २०२२

३७-३०!!! टॉम केनेडी रिसीव्हर आहे ना, त्यानेच पास टाकला रेमंडला, ७५ यार्ड, टचडाउन! त्यांचा क्वार्टरबॅक रॉजर्स पहिल्या हाफनंतर बसला हे मान्य, त्यांची जागा आधीच पक्की होती, पण पॅकर्स ते पॅकर्स.

गोदाकाठ | ९ जानेवारी २०२२

आणि तिकडे जॅग्वार्सनी कोल्ट्सना २६-११ हरवलं. म्हणजे आज हरलो असतो तर पहिला नंबर आपलाच होता. आता दुसरा. ३ जिंकलो, १३ हरलो, १ बरोबरी.

मी घरी एकटा बघत होतो. ठरवलं होतं की हरलो तरी वाईट वाटून घ्यायचं नाही. मग शेवटी आपल्या ट्रेसी वॉकरने त्यांचा पास मधेच पकडला आणि मी सोफ्यावरून उठून उभा राहिलो होतो, ओरडलो पण, बायको आतून बाहेर आली. तेव्हा नोव्हीकर, या आठवड्यात तुम्हीच बरोबर होतात. सेंट ब्राउन ९० कॅच, ९१२ यार्ड, लिहून ठेवा. आपला सूअल एकवीस वर्षांचा आहे. डेकर निम्मा सीझन नव्हता, रॅगनो आणि ओक्वारा तर बहुतेक सगळा सीझन नव्हते. पुढच्या वर्षी हे सगळे एकत्र खेळतील.

नोव्हीकर | ९ जानेवारी २०२२

पुढच्या सप्टेंबरला एकत्र जाऊया फोर्ड फील्डला. तिकिटं मी काढतो. मृण्मयीताई, लेकाला घेऊन या. पुणेरी, भावाकडे कधी येताय ते कळवा.

गोदाकाठ | २८ एप्रिल २०२२

धागा वर काढतोय. जॅग्वार्सनी जॉर्जियाचा ट्रॅव्हॉन वॉकर घेतला. हचिन्सन आपल्याला मिळाला, दुसऱ्या नंबरवर. प्लिमथला आत्ता लोक रस्त्यावर हॉर्न वाजवताहेत म्हणून मुलगी सांगतेय. नोव्हीकर, माझी दोन तिकिटं धरा.